सिग्मा प्रोटॉनवर आदळतो तेव्हा

हायपरॉनवर, म्हणजे प्रोटॉनच्या जड आणि अल्पायुषी भाऊबंदांवर, प्रयोग करायचा म्हटलं की पहिली अडचण हीच, की हायपरॉन आयते मिळत नाहीत. प्रोटॉन हवे असतील तर हायड्रोजन घ्या, त्यातले इलेक्ट्रॉन काढून टाका, काम झालं. हायपरॉन मात्र जागच्या जागी घडवावा लागतो आणि घडला की तिथल्या तिथे वापरावा लागतो. त्याचं आयुष्य सेकंदाच्या अब्जांश भागाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. आमच्या प्रयोगातल्या वेगाने सिग्मा-वजा नावाचा हायपरॉन सरासरी दोन-सव्वादोन सेंटिमीटर पळायचा आणि विरून जायचा. सिग्मा-अधिक तर जेमतेम सव्वा सेंटिमीटर. तेवढ्या अंतरात त्याने एखाद्या प्रोटॉनला धडक द्यायची, ती धडक आपण ओळखायची आणि अशा हजारो धडका जमवायच्या, हे जपानमधल्या जे-पार्क या प्रवेगक केंद्रातल्या ई४० या प्रयोगाचं काम. मी त्यात पीएचडीची विद्यार्थिनी म्हणून आले. या कामात नेमकं काय काय करावं लागतं हे मराठीत कुठे वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी पात्रांची ओळख. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, दोघांना मिळून न्यूक्लिऑन म्हणतात, ते अप आणि डाउन या दोन जातींच्या क्वार्कांपासून बनतात. त्यातल्या एखाद्या क्वार्कच्या जागी स्ट्रेंज जातीचा क्वार्क बसला की हायपरॉन तयार होतो. लॅम्डामध्ये अप, डाउन आणि स्ट्रेंज असे एकेक, सिग्मा-अधिकमध्ये दोन अप आणि एक स्ट्रेंज, सिग्मा-वजामध्ये दोन डाउन आणि एक स्ट्रेंज. वजन प्रोटॉनपेक्षा थोडं जास्त. प्रोटॉन ९३८ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कणांचं वस्तुमान आणि ऊर्जा मोजायचं एकक), तर लॅम्डा १११६ आणि सिग्मा ११९० च्या आसपास.

दोन न्यूक्लिऑनांमधलं बल आपल्याला खूप बारकाईने माहीत आहे, कारण प्रोटॉनवर प्रोटॉन आणि न्यूट्रॉन आदळवण्याचे प्रयोग जगभर अनेक दशकं चालले. कोणत्या ऊर्जेला, कोणत्या कोनात, स्पिन (कणाची स्वतःची अंगभूत गिरकी) कसा असताना किती कण उडतात याचे हजारो मोजलेले बिंदू हाताशी आहेत. हायपरॉन आणि न्यूक्लिऑन यांच्यातलं बल समजून घ्यायला बसलं की कपाट जवळजवळ रिकामं. १९६० आणि ७० च्या दशकांत बबल चेंबरमध्ये, म्हणजे कणाची वाट द्रवातल्या बुडबुड्यांच्या रेषेने दाखवणाऱ्या टाकीत, काढलेले फोटो हाच मुख्य आधार. लॅम्डा आणि प्रोटॉनच्या कमी ऊर्जेच्या टकरांचे जे आकडे आजही प्रत्येक सिद्धांत वापरतो, ते १९६८ सालचे आहेत. पुढे १९९० च्या दशकात जपानच्याच केईके प्रयोगशाळेत, त्सुकुबाला, सिंटिलेटिंग फायबरच्या, म्हणजे कण गेला की चमकणाऱ्या तंतूंच्या, लक्ष्यात सिग्माच्या टकरा प्रत्यक्ष टिपल्या गेल्या. तंत्र सुंदर होतं, पण हाती आलेल्या टकरा फारच थोड्या.

बाकीची माहिती आली ती हायपरअणुकेंद्रांतून, म्हणजे ज्यांच्या पोटात एखादा हायपरॉन अडकला आहे अशा अणुकेंद्रांतून. असं पहिलं अणुकेंद्र १९५२ साली वॉर्सात मारियन डानिश आणि येर्झी प्न्येव्स्की यांना फोटोग्राफिक इमल्शनमध्ये दिसलं. त्याच दशकात मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बर्नार्ड पीटर्स यांच्या गटाने वैश्विक किरणांतले केऑन (स्ट्रेंज क्वार्क असलेले, प्रोटॉनहून हलके कण) आणि हायपरॉन इमल्शनमध्येच शोधले होते. आपल्याकडे या विषयाची सुरुवात किती लवकर झाली होती, हे मला इथे येऊन जुने संदर्भ चाळताना कळलं आणि मनापासून अभिमान वाटला. पण हायपरअणुकेंद्रातून बलाचा अंदाज बांधायचा म्हणजे गर्दीतल्या सगळ्यांचा एकत्रित परिणाम पाहून दोघांमधलं नातं ओळखायचं. दोघांना समोरासमोर आणून टक्कर घडवणं आणि ती मोजणं, याला पर्याय नाही.

हे इतकं महत्त्वाचं का, याचं उत्तर माझ्यापुरतं आकाशात आहे. पुण्यात शिकताना विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटीला जायचे. तिथल्या दुर्बिणी पल्सारचे, म्हणजे फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांचे, रेडिओ ठोके ऐकतात. त्या ताऱ्यांच्या गाभ्यात नेमकं काय भरलं आहे, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात होता. गाभ्यात न्यूट्रॉन इतके दाटीने भरलेले असतात की एका मर्यादेनंतर आणखी न्यूट्रॉन कोंबण्यापेक्षा त्यांचे हायपरॉन होणं ऊर्जेच्या हिशेबाने स्वस्त पडतं. पण हायपरॉन तयार झाले की दाब घटतो आणि तारा जास्त वजन पेलू शकत नाही. सरळ हिशेबाने मग दोन सूर्यांच्या वजनाचे न्यूट्रॉन तारे असूच नयेत. आणि २०१० साली जवळजवळ तेवढ्या वजनाचा तारा वजनासकट जाहीर झाला, पुढे आणखीही सापडले. याला हायपरॉनचं कोडं म्हणतात. सोडवायचं तर हायपरॉन जवळ आल्यावर न्यूक्लिऑनला ओढतो की ढकलतो, आणि किती जोराने, हे कळायला हवं. हजारो प्रकाशवर्षं दूरच्या ताऱ्याबद्दलच्या प्रश्नाची चावी प्रयोगशाळेतल्या हातभर नळीत असू शकते, या एका गोष्टीने मला या विषयात ओढलं.

जे-पार्क टोक्योच्या ईशान्येला, इबाराकी प्रांतातल्या टोकाई गावी, अगदी प्रशांत महासागराच्या काठावर आहे. सरळसोट पाइनची झाडं, वाळू आणि वारा. हा सगळा पट्टा वाळवलेल्या रताळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. थंडीत उकडलेल्या रताळ्यांच्या लांबट चकत्या जाळ्यांवर सुकत घातलेल्या दिसतात. पहिल्या एकादशीला मी त्याच खाल्ल्या आणि आईला फोटो पाठवला, तर तिचं उत्तर, "अगं, ही तर आपलीच रताळी! साबुदाणा नाही का मिळत तिथे?"

यंत्राबद्दल थोडक्यात. सरळ प्रवेगक ४०० एमईव्हीपर्यंत नेतो, पहिलं वर्तुळाकार यंत्र ३ जीईव्हीपर्यंत (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही), आणि १५६८ मीटर परिघाचं मुख्य वलय ३० जीईव्हीपर्यंत. तिथून प्रोटॉन हळूहळू, सुमारे दोन सेकंद पाझरत, हॅड्रॉन हॉलकडे सोडले जातात. या एका खेपेला स्पिल म्हणतात आणि पाचेक सेकंदांनी पुढची येते. हे प्रोटॉन सोन्याच्या लक्ष्यावर आदळतात, त्यातून पायॉन (केऑनहूनही हलके कण), केऑन असा सगळा पसारा निघतो आणि चुंबकांच्या रांगेतून हवे ते कण निवडून के१.८ या बीमलाइनवर आमच्यापर्यंत येतात. आम्हाला पायॉन हवे होते, एका स्पिलमध्ये सुमारे दोन कोटी.

हे पायॉन ज्यावर सोडायचे ते लक्ष्य म्हणजे द्रवरूप हायड्रोजनने भरलेली ३० सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर व्यासाची नळी, उणे २५३ अंशांच्या आसपास. या नळीला एकाच वेळी दोन कामं. पायॉन तिच्यातल्या एका प्रोटॉनवर आदळला की क्वचित एक केऑन-अधिक आणि एक सिग्मा जन्मतो. केऑन पुढे निघून जातो. सिग्मा मात्र त्याच नळीत, जन्मल्या ठिकाणापासून दोन बोटांच्या आत, दुसऱ्या एखाद्या प्रोटॉनवर आदळायला हवा. म्हणजे सिग्माचा कारखाना आणि त्याचं लक्ष्य एकच. मला या प्रयोगात सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. जुन्या बबल चेंबरमध्येही हेच होतं, पण तिथे प्रत्येक घटनेचा फोटो काढून माणसं तो तपासायची. इथे डिटेक्टरला तेच काम दर सेकंदाला लाखो पायॉनांच्या गर्दीत करायचं होतं. तोहोकू विद्यापीठाचे कोजी मिवा यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने यासाठी जो डिटेक्टर बांधला, त्याचं नाव कॅच.

सिग्मा स्वतः आम्हाला दिसत नाही, दिसायची गरजही नाही. येणाऱ्या पायॉनचा संवेग बीमलाइनवरचा स्पेक्ट्रोमीटर मोजतो. पुढे गेलेल्या केऑनचा संवेग कुरामा नावाच्या मोठ्या चुंबकाचा स्पेक्ट्रोमीटर मोजतो. आलेल्यातून गेलेलं वजा केलं की उरलेलं ते सिग्माचं. त्याचं वस्तुमान काढलं की ११९७ एमईव्हीजवळ टोकदार शिखर दिसतं आणि त्याचबरोबर प्रत्येक सिग्मा कोणत्या दिशेला, किती वेगाने निघाला होता हेही कळतं. पायॉन १.३३ जीईव्ही/सी (हे संवेगाचं एकक) संवेगाचे ऋण असतील तर सिग्मा-वजा मिळतो, १.४१ चे धन असतील तर सिग्मा-अधिक.

आता हा सिग्मा प्रोटॉनला धडकला तर तो प्रोटॉन नळीतून बाजूला उडतो. त्याला झेलायला नळीभोवती कॅच बसवलेला. सर्वांत आत सिंटिलेटिंग फायबरचं नळकांडं: पाऊण मिलिमीटर जाडीचे, जवळजवळ पाच हजार तंतू, आठ थरांत. चार थरांतले तंतू नळीला समांतर, चार थरांतले तिच्याभोवती मळसूत्रासारखे गुंडाळलेले. दोन्ही मिळून कण कुठून, कोणत्या कोनात गेला ते कळतं. त्याबाहेर बीजीओ या जड, कण थांबला की चमकणाऱ्या पदार्थाचे २४ स्फटिक. हातात घेतले तर काचेसारखे स्वच्छ, पण वजन असं की मनगट झुकतं. प्रोटॉन त्यांत थांबतो आणि आपली सगळी ऊर्जा प्रकाशाच्या रूपात देऊन टाकतो. पायॉन सहसा थांबत नाही, आरपार जातो. त्याची नोंद घ्यायला सर्वांत बाहेर आणखी एक थर.

माझ्या वाट्याला आलेलं पहिलं खरं काम होतं तंतूंच्या वाचनाचं. प्रत्येक तंतूच्या टोकाला एमपीपीसी नावाचा छोटा सेन्सर असतो. त्यावर एकेक फोटॉन मोजता येतो. अंधारात अगदी मंद प्रकाशाचा झटका देऊन त्याचा आलेख काढला की शिखरांची रांग दिसते. पहिलं शिखर शून्य फोटॉनचं, दुसरं एकाचं, तिसरं दोघांचं, अशी सारख्या अंतरावर, दातांसारखी. प्रकाश तुकड्यातुकड्यांनी येतो हे बीएस्सीपासून पुस्तकात वाचलेलं. पण ते तुकडे असे वेगवेगळे उभे राहिलेले पाहिले त्या संध्याकाळी मी जेवायला उशिराच गेले. दोन शिखरांमधलं अंतर म्हणजे त्या सेन्सरचा गेन, एका फोटॉनमागे तो किती मोठा संकेत देतो ते. तो प्रत्येक सेन्सरचा वेगळा, त्याला लावायचं व्होल्टेजही वेगळं, आणि खोलीचं तापमान हललं की सगळं हलतं. पाच हजार तंतू एकाच मापात आणायचे, तर व्होल्टेज ठरवा, मोजा, पुन्हा ठरवा. कामात चमकदार काही नाही. पण प्रोटॉन तंतूत भरपूर ऊर्जा टाकतो आणि पायॉन थोडीशी, आणि या दोघांतला फरक ओळखणं हाच कॅचचा प्राण असल्यामुळे, हे माप ढिलं राहिलं तर पुढचं सगळं ढिलं. मला शिकवणारा सीनियर विद्यार्थी शांतपणे म्हणायचा, "घाई नको. टक्कर एकदाच होते, तेव्हा तंतू तयार असला पाहिजे."

सिग्मा-वजाचा मुख्य डेटा २०१९ च्या सुरुवातीला घेतला गेला. बीम चोवीस तास असतो, त्यामुळे माणसांनाही आळीपाळीने चोवीस तास बसावं लागतं. काउंटिंग रूममध्ये भिंतभर पडदे, प्रत्येक स्पिलला आकडे बदलतात: किती पायॉन आले, ट्रिगर (नोंदवण्याजोग्या घटनेचे इशारे) किती, त्यातले किती लिहून घेतले. रात्रीच्या शिफ्टला ती पाच सेकंदांची लय अंगात भिनते. पडद्याकडे न पाहताही स्पिल चुकल्याचं जाणवतं. टोकाईत छोटे भूकंप नेहमीचेच. टेबलावरचा कप थरथरला की सगळ्यांची नजर आधी बीमच्या आकड्याकडे जायची, मग एकमेकांकडे. शिफ्ट संपताना येणारा माणूस "ओत्सुकारेसामा" (खूप श्रम घेतलेत) म्हणतो, जाणाराही तेच म्हणतो आणि मधल्या वेळात घडलेलं सगळं लॉगबुकात उतरवून ठेवायचं. लॉगबुक नीट लिहिण्याची सवय मला इथे लागली. महिन्यांनंतर एखाद्या रनमध्ये काहीतरी विचित्र दिसतं आणि कुणीतरी पहाटे लिहिलेली एक ओळ सगळा उलगडा करते.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, डेटा मिळाला की उत्तर मिळालं. प्रत्यक्षात त्याआधी एक परीक्षा असते. कॅचला ज्याचं उत्तर आधीच पक्कं ठाऊक आहे असा प्रश्न विचारायचा: प्रोटॉनवर प्रोटॉन. तोहोकूच्या सायक्लोट्रॉनवर ८० एमईव्हीच्या प्रोटॉनांनी अशी एक परीक्षा आधीच घेतली गेली होती. जे-पार्कमध्येही पायॉनऐवजी वेगवेगळ्या संवेगांचे प्रोटॉन आणून तेच मोजलं. दोन प्रोटॉन एकमेकांवर आदळले तर कोन आणि ऊर्जा यांचं नातं ठरलेलं असतं. कॅचने मोजलेले कोन त्या नात्यात बसतात का, कोणत्या कोनाला आणि किती ऊर्जेला किती प्रोटॉन निसटतात, हे सगळं यातून काढलं. प्रोटॉन-प्रोटॉनचा क्रॉस-सेक्शन, म्हणजे टक्कर होण्याची शक्यता क्षेत्रफळाच्या भाषेत, आमच्या डेटातून जुन्या ज्ञात आकड्यांशी जुळला, तेव्हाच सिग्माच्या आकड्यांवर बोट ठेवायचा हक्क आला. मला विचाराल तर या प्रयोगाचं सगळ्यात भक्कम पान हेच आहे, जरी त्याची बातमी कधीच होत नाही.

मग सिग्माची पाळी. एक घटना जवळून पाहू. पडद्यावर कॅचचा आडवा छेद, वर्तुळाकार. मधोमध हायड्रोजन. एका बाजूला तंतूंचे जाड, ठळक ठिपके ओळीने आणि त्यांच्या शेवटी एक बीजीओ उजळलेला: हा प्रोटॉन. दुसऱ्या बाजूला फिकट ठिपक्यांची ओळ, बीजीओ ओलांडून बाहेरच्या थरापर्यंत गेलेली: हा पायॉन, सिग्मा-वजा विरताना निघालेला. तिसरा कण न्यूट्रॉन, तो दिसत नाही. आता प्रश्न असा: हा प्रोटॉन सिग्माच्या धडकेने उडाला, की सिग्मा आधीच विरून त्यातल्या न्यूट्रॉनने किंवा पायॉनने पुढे जाऊन याला धक्का दिला? चित्रात तिन्ही सारखेच दिसतात.

सोडवायची रीत मोठी देखणी आहे. सिग्माचा संवेग आपल्याला आधीच माहीत. प्रोटॉनचा कोन तंतूंनी सांगितला. ही जर खरोखर सिग्मा आणि प्रोटॉनची टक्कर असेल, तर त्या कोनाला प्रोटॉनची ऊर्जा अमुक इतकीच असायला हवी, निसर्गाला दुसरी मुभाच नाही. ती गणिताने काढायची आणि बीजीओने मोजलेल्या ऊर्जेतून वजा करायची. उत्तर शून्याजवळ आलं तर ती खरी टक्कर. न्यूट्रॉनने दिलेला धक्का, पायॉनचा धक्का, सिग्माचं लॅम्डात रूपांतर, प्रत्येकासाठी असाच वेगळा हिशेब आणि प्रत्येकाचं शून्य वेगळं. सगळ्या घटना एका आलेखावर टाकल्या की रुंद, पसरट उंचवट्यावर शून्याजवळ एक शिखर उभं राहतं. पहिल्यांदा ते थोड्याच डेटावर दिसलं तेव्हा ते म्हणजे एक बारीक टेंगूळ होतं. डेटा वाढत गेला तसं ते वर आलं. बबल चेंबरच्या पिढीला जे एकेक करून वेचावं लागलं, ते डोळ्यांसमोर ढिगाने रचलं जात होतं, आणि ते बघताना अंगावर काटा आला.

शेवटी दीड-पावणेदोन कोटी सिग्मा-वजांतून सुमारे ४५०० टकरा हाती लागल्या, संवेग ४७० ते ८५० एमईव्ही/सी. त्यांचा क्रॉस-सेक्शन काढताना भागायचं कशाने, हा वेगळाच प्रश्न होता. साध्या प्रयोगात बीमचे कण मोजले की झालं. इथे प्रत्येक सिग्मा वेगळ्या जागी जन्मतो, वेगळ्या अंतरावर विरतो, काही नळीच्या भिंतीतून बाहेर जातात. म्हणून सगळे सिग्मा मिळून हायड्रोजनमधून एकूण किती अंतर पळाले त्याची बेरीज सिम्युलेशनने काढावी लागते. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची ही बेरीज ढोबळमानाने तीनेकशे किलोमीटरच्या घरात जाते.

निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. सिग्मा-वजा प्रोटॉनवर आदळून पुढच्या दिशेने जास्त उडतो, हे त्यात अगदी स्वच्छ दिसतं. जुन्या प्रयोगांतले बिंदू इतके थोडे आणि त्यांची अनिश्चितता इतकी मोठी होती, की त्यातून कुठलीही रेषा ओढली तरी चालली असती. आता तसं चालत नाही. सिग्मा-वजा प्रोटॉनला भेटून लॅम्डा आणि न्यूट्रॉन बनतो, त्या रूपांतराच्या शंभराच्या आसपास घटनाही वेगळ्या काढता आल्या. आकडा लहान वाटेल, पण सिग्मा आणि लॅम्डा एकमेकांत कसे बदलतात हे ठरवायला त्यांचं मोल फार आहे.

माझ्या मते खरा गाभा मात्र सिग्मा-अधिकच्या निकालात आहे. त्याचा डेटा २०१९ आणि २०२० मध्ये घेतला. दुसऱ्या खेपेला जगभर कोविड होता, शिफ्टवर मास्क, बोलणं कमी. सिग्मा-अधिकमध्ये दोन अप क्वार्क, प्रोटॉनमध्येही दोन. दोन्ही कण एकमेकांत शिरू लागले आणि त्यांचे स्पिन एका दिशेने असले, तर चारही अप क्वार्कांना एकाच अवस्थेत, एकाच स्पिनने राहण्याची वेळ येते. पाउलीच्या नियमाने (अगदी एकसारखे दोन क्वार्क एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत) ते चालतं फक्त प्रत्येकाचा रंग वेगळा असेल तर, आणि क्वार्कांना रंग तीनच. हा रंग डोळ्यांना दिसणारा नव्हे, क्वार्कांच्या एका गुणाचं नाव. एसटीच्या तीन जणांच्या बाकावर तिघे बसलेले असताना चौथा आला तर जे होईल, तेच इथे होतं: ढकलाढकली. हे तिरस्करण क्वार्कांच्या पातळीवरून येतं. प्रोटॉन-प्रोटॉनमध्ये जवळच्या अंतरावर जो कठीण गाभा जाणवतो, त्याचं मूळ समजायला इतकी स्पष्ट जागा दुसरीकडे क्वचित मिळते.

सुमारे २४०० टकरांतून निघालेलं उत्तर असं, की या अवस्थेत तिरस्करण नक्की आहे, पण मध्यम. फेज शिफ्ट, म्हणजे टक्कर झाल्यावर लाट किती मागेपुढे सरकते त्याचं माप, ४४० ते ८०० एमईव्ही/सी या पट्ट्यात २० ते ३५ अंशांच्या दरम्यान निघाली. क्योतो-नीगाता गटाच्या क्वार्क मॉडेलने यापेक्षा बरंच मोठं तिरस्करण सांगितलं होतं, त्यामुळे त्याचे क्रॉस-सेक्शन आमच्या मोजमापापेक्षा जास्त येतात. मेसॉनच्या (पायॉन, केऑन यांसारख्या कणांच्या) देवाणघेवाणीवर उभी असलेली नायमेखन गटाची मॉडेलं, कायरल सिद्धांत, सुपरकॉम्प्युटरवर थेट क्वार्कांपासून बल काढणारा हॅल क्यूसीडी गट, सगळ्यांना आता हे आकडे समोर ठेवून बसावं लागतं. आमच्या गटाच्या चर्चेत एका सिद्धांतकाराने कित्येक रेषा एकाच आलेखावर काढल्या होत्या. डेटा नव्हता तोवर त्या सगळ्या शक्य होत्या. बिंदू पडले आणि काही रेषा बाहेर गेल्या. प्रयोग करणाऱ्याला यापेक्षा मोठं समाधान मला तरी माहीत नाही.

हा विषय आता फक्त टोकाईपुरता नाही. अमेरिकेत जेफरसन लॅबच्या क्लास डिटेक्टरमधून २०२१ साली लॅम्डा-प्रोटॉन टकरांचे ०.९ ते २ जीईव्ही/सी या पट्ट्यातले आकडे आले. सर्नचा अ‍ॅलिस प्रयोग वेगळ्या वाटेने जातो. तिथे प्रचंड ऊर्जेच्या टकरीतून एकाच वेळी बाहेर पडणारे प्रोटॉन आणि हायपरॉन एकमेकांच्या किती जवळच्या संवेगाने निघतात, त्यावरून बल ओळखतात. मला दोन्ही आवडतात. तरी मोजलेल्या क्रॉस-सेक्शनची जागा दुसरं काही घेऊ शकत नाही, असं माझं ठाम मत आहे, आणि गटात यावर माझे वाद झालेले आहेत.

सध्या माझं काम लॅम्डावर आहे. न्यूट्रॉन ताऱ्यात सर्वांत आधी ज्याची अपेक्षा असते तो हाच. सिग्मा-वजासाठी घेतलेल्या डेटात तो फुकटात आला आहे: ऋण पायॉन प्रोटॉनवर आदळून कधी शून्य प्रभाराचा केऑन आणि लॅम्डाही देतो. हा केऑन दोन पायॉनांत फुटतो, त्यातून तो ओळखायचा आणि मग आधीसारखंच वजाबाकीने लॅम्डाचं शिखर काढायचं. यातली खास गोष्ट अशी, की १.३३ जीईव्ही/सीला जन्मणाऱ्या लॅम्डांचे स्पिन काही कोनांत नव्वद टक्क्यांहून जास्त एकाच दिशेला वळलेले निघतात. वेगळं काही न करता ध्रुवीकृत हायपरॉन मिळतो. त्याचा उपयोग करून, स्पिनवर बल कसं अवलंबून आहे हे मोजणारा लॅम्डा-प्रोटॉन प्रयोग, ई८६, के१.१ या बीमलाइनवर करायचं ठरलं आहे. लॅम्डाला प्रभार नाही, त्यामुळे तो कुठे विरला हे त्याच्या पोटातून निघालेल्या प्रोटॉन आणि पायॉनच्या रेषा मागे नेऊनच कळतं. आत्ताच्या डेटात केऑनच्या दोन पायॉनांपैकी एक कुरामात जातो आणि दुसरा कॅचमध्ये. हे दोघे एकाच केऑनचे आहेत याची खात्री किती वेळा पटते, हा आकडा या आठवड्यात सिम्युलेशनशी जुळवून पाहायचा आहे.